अर्ध्या डोक्याचं दुखणं आणि पाळीची गोळी

डिचोली तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका, असं त्यांनी लिहिलंय. पत्र बरंच मोठं आहे, त्यातला गरजेचा भाग इथे देते.

"डॉक्टरबाई, नमस्कार. माझं वय ३६. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत पॅकिंगला आहे, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. कॉलेजात असल्यापासून माझं अर्धं डोकं दुखतं, बहुतेक वेळा डावी बाजू, कधीतरी उजवी. ठणका लागतो, उलटी होते, उजेड नकोसा होतो. पूर्वी पाळीच्या सुमारास महिन्यातून एकदा व्हायचं, गेल्या वर्षभरात फारच वाढलंय. हल्ली कधीकधी दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकणारी नागमोडी रेघ दिसते, वाचताना अर्धी अक्षरं गायब होतात. वीसेक मिनिटांनी ते जातं आणि मग डोकं धरतं. एका ठिकाणी सायनस सांगितलं. वाफ घेतली, सायनसचा सीटी स्कॅन केला, त्यात काही निघालं नाही. आता फार्मसीतून गोळी आणते, आठवड्यातून चार दिवस तरी लागतेच. पाळी अनियमित म्हणून वर्षभर पाळीच्या गोळ्या चालू आहेत, बाकी औषध काही नाही. सासूबाई म्हणतात दिष्ट लागली, मिस्टरांना वाटतं डोक्यात गाठ आहे. आमच्या दिरांचंही महिनाभर अर्धं डोकं दुखतंय. रोज रात्री दोनच्या सुमारास उठतात आणि अंगणात येरझाऱ्या घालतात, उजवा डोळा लाल होतो. दोघांचं सारखंच, तर आमच्या विहिरीच्या पाण्यात काही असेल का? आणि माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, तिलाही हे होईल का?"

ताई, "बाकी औषध काही नाही" म्हणत तुम्ही जी गोष्ट एका वाक्यात उरकलीत, तिथूनच सुरुवात करते, कारण तुमच्या पत्रात सगळ्यात घाईची बाब तीच आहे. पाळी नियमित करायला देतात त्या गोळ्या पुष्कळदा गर्भनिरोधकाच्याच असतात, आणि त्यांतल्या बहुतेकींत इस्ट्रोजेन असतं. पाकिटाच्या मागे 'एथिनिल एस्ट्राडायोल' असं छापलंय का, ते आजच पाहा. छापलेलं असेल तर ज्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या त्यांना याच आठवड्यात गाठा आणि पहिल्याच वाक्यात त्या नागमोडी रेघेबद्दल सांगा. त्या रेघेला ऑरा म्हणतात. ऑरा असलेल्या अर्धशिशीत पक्षाघाताचा धोका थोडा जास्त असतो, आणि इस्ट्रोजेनने तो आणखी वाढतो. म्हणूनच ऑरा येणाऱ्या बाईने, तिचं वय काहीही असो, इस्ट्रोजेन असलेली संयुक्त गोळी घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं मार्गदर्शन आहे. तुमच्या वयात हा धोका मुळातच लहान असतो, त्यामुळे घाबरून रात्र जागून काढू नका. पण जो धोका गोळी बदलून टळतो, तो अंगावर वागवायचा कशाला? इस्ट्रोजेन नसलेले पर्याय आहेत. गोळी मूल नको म्हणूनही घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, म्हणजे मधल्या काळासाठी दुसरी सोय करता येईल.

तुम्ही त्यांना हे सांगितलं नसणार, आणि त्यांनी विचारलंही नसणार. पाळीच्या तक्रारीसाठी गेलेली बाई डोळ्यांपुढच्या रेघेबद्दल कशाला बोलेल? दोष तुमचा नाही. मात्र तुमचं दुखणं गेल्या वर्षभरातच वाढलं आणि गोळ्याही वर्षभरच चालू आहेत. हे दोन्ही जुळतंय याकडे माझं लक्ष लगेच गेलं. इस्ट्रोजेनची पातळी वरखाली झाली की अर्धशिशी उसळते. पाळीच्या तोंडावर ती येते तीही त्याचमुळे, तेव्हा शरीरातलं इस्ट्रोजेन एकदम उतरतं. काही जणींना गोळीच्या रिकाम्या आठवड्यात, म्हणजे पाकीट संपून नवं सुरू होईपर्यंत, नेमकं तेव्हाच दुखतं.

म्हणजे तुमचं मूळ दुखणं अर्धशिशीचं आहे, असं पत्रावरून मला वाटतं. पत्र वाचून निदान पक्कं करता येत नाही, तपासावं लागतं. तरी खुणा स्पष्ट आहेत. अर्धशिशीचा झटका औषध न घेतल्यास ४ ते ७२ तास टिकतो. ठणकतं, जिना चढलं की वाढतं, मळमळतं, उजेड आणि आवाज सोसवत नाही. माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडून राहतो. बायकांमध्ये पुरुषांच्या साधारण तिप्पट आढळते. तुमचं कधीकधी उजवीकडेही दुखतं हे मला दिलासा देणारं वाटतं, कारण अर्धशिशी बाजू बदलते. वर्षानुवर्षं एकाच बाजूला, एकदाही न बदलता दुखत असेल तर डॉक्टर अधिक बारकाईने शोध घेतात. पण अर्धंच डोकं दुखतं एवढ्यावरून काहीच ठरत नाही. दुखणं किती वेळ टिकतं, त्या वेळी माणूस काय करतो आणि सोबत आणखी काय होतं, यावरून ते ओळखतात. तुमचं आणि दिरांचं दुखणं यातच वेगळं पडतं. त्यांच्याकडे नंतर येते.

आता सायनस. आपल्याकडे, विशेषतः पावसाळ्यात, डोकं दुखलं की सायनसवर खापर फोडायची सवय आहे. भिंतींना बुरशी, हवेत ओल, नाक चोंदलेलं, मग दुसरं काय असणार? पण सायनस म्हणून वर्षानुवर्षं वाफ घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना खरं तर अर्धशिशी असते. चेहरा, कपाळ, डोळ्यांमागचा भाग आणि मेंदूवरची आवरणं या सगळ्यांची संवेदना ट्रायजेमिनल ही एकच नस वाहते. अर्धशिशीत ती नस चाळवते, आवरणांतल्या रक्तवाहिन्यांभोवती दाह करणारी रसायनं सुटतात आणि त्याच जाळ्यातून नाक चोंदतं, डोळ्यातून पाणी येतं. रुग्णाला गालाच्या हाडात दुखतं, नाक बंद वाटतं, आणि तो प्रामाणिकपणे सायनस सांगतो. खऱ्या सायनसच्या दाहात नाकातून दाट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, वास येईनासा होतो, बरेचदा ताप असतो, आणि सर्दी ओसरली की दुखणंही ओसरतं. महिन्याच्या महिन्याला पाळी पाहून सायनस येत नाही.

मिस्टरांच्या भीतीबद्दलही बोलायला हवं. ती त्यांनी तुमच्यापाशी बोलून दाखवली हे बरं झालं, पुष्कळ घरांत ती मनातच राहते. कॉलेजपासून येणारं-जाणारं आणि मधल्या दिवसांत पूर्ण थांबणारं दुखणं हे गाठीचं लक्षण नव्हे. तपासणीत नसांची कामं व्यवस्थित असतील तर अशा अर्धशिशीला स्कॅनची गरज सहसा नसते. तुमचं दुखणं वर्षभरात बदललंय आणि ऑराही नवा आहे, त्यामुळे डॉक्टर कदाचित एमआरआय सांगतील. सांगितला तर करून घ्या. काहीतरी सापडलंय म्हणूनच सांगितला, असं त्यावरून समजू नका.

चाळवणाऱ्या गोष्टींची लांबलचक यादी मी देत नाही. ती वाचून बायका एकेक पदार्थ सोडत जातात आणि शेवटी शीत-कडीवर येतात. मासळी बंद करू का, असं मला नेहमी विचारतात. ताज्या मासळीने काही होत नाही, सुखाने खा. तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी शिफ्टची वाटते. अर्धशिशीच्या मेंदूला बदल सोसत नाही. झोप कमी झाली तरी दुखतं आणि सुटीच्या दिवशी दहापर्यंत लोळलं तरी दुखतं. जेवणाची वेळ टळली की दुखतं. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत पोट रिकामं, चवथीला पहाटेपासून नैवेद्याच्या मागे उभं राहून दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही, आणि मग संध्याकाळी आरतीच्या वेळी घरची बाई काळोख्या खोलीत पडलेली! हे घरोघरी चालतं आणि ते बघून मला वाईट वाटतं. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे. पण फळ, दूध, शहाळ्याचं पाणी दर तीन-चार तासांनी घ्या. सासूबाईंना दिष्ट काढायची असेल तर काढू द्या, फक्त त्या दिवशी त्यांच्याच हातून तुमच्यापुढे वेळेवर खाणंही येऊ द्या.

दुचाकीवरून कामाला जात असाल तर दोन गोष्टी सांगते. हेल्मेट कपाळावर रुतणारं नको, रुतलं तर त्या दाबानेच डोकं दुखतं. आणि कुळागरांच्या कडेने जाताना ऊन-सावली डोळ्यांवर भराभर लपलपते ना, ती कित्येकांचा झटका सुरू करते. त्यासाठी चांगला गॉगल घ्या. सुरंगीचा वळेसर, अगरबत्ती, उग्र अत्तर यांनीही काहींचं डोकं धरतं. तुमचं धरत असेल तर ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.

आदल्या दिवशी मान आखडते का, सारख्या जांभया येतात का, अचानक गोड खावंसं वाटतं का, हेही पाहत जा. झटका खरा तिथेच सुरू झालेला असतो. चॉकलेट खाल्लं म्हणून डोकं दुखलं असं लोक म्हणतात, पण पुष्कळदा झटका सुरू झालेला असतो म्हणूनच चॉकलेट खावंसं वाटतं. मानेचंही तसंच. मानेच्या वरच्या नसा आणि ट्रायजेमिनल नस मेंदूच्या देठात एकाच ठिकाणी येऊन मिळतात, त्यामुळे अर्धशिशीत मान दुखणं अगदी नेहमीचं आहे. खरोखर मानेतून निघणारी डोकेदुखीही असते. ती बाजू बदलत नाही, मान वळवली की किंवा एका जागी दाबलं की उठते आणि मानेची हालचाल अडते. पॅकिंगच्या टेबलावर तासन्‌तास मान खाली घालून काम करता, तेव्हा डॉक्टरांना मानही तपासायला सांगा.

फार्मसीतल्या गोळीवर मला ठामपणे बोलायचं आहे. आठवड्यातून चार दिवस म्हणजे महिन्याला सोळा दिवस. पॅरासिटामोल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले १५ किंवा अधिक दिवस, आणि कॅफिन वगैरे मिसळलेली मिश्र गोळी १० किंवा अधिक दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळीच डोकेदुखी निर्माण करू लागते. गोळी उतरली की डोकं दुखतं, दुखलं की गोळी, असा रहाट फिरत राहतो. गोळ्या किती घेतल्या यापेक्षा किती दिवस घेतल्या ते मोजायचं. तुम्ही ती मर्यादा ओलांडली आहे. यातून सुटता येतं, पण पहिले काही दिवस, कधी आठवडाभर, दुखणं वाढतं. म्हणून हे डॉक्टरांच्या मदतीने करा आणि जमलं तर त्या आठवड्यात रजा घ्या. फार्मसीवाल्याने ओळखीने दिलेली दुसरी गोळी त्यावर उपाय नाही.

झटक्याच्या वेळचं औषध योग्य असलं तर कमी दिवस लागतं. ते लवकर घ्यायचं आणि पूर्ण मात्रेत घ्यायचं. सोसत बसून उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटातून पुढेच सरकत नाही, म्हणून सोबत मळमळीचं औषधही देतात. साध्या गोळीने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान आणि त्या जातीची औषधं आहेत. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच घ्यायची, आणि हृदयविकार, पूर्वीचा पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर घ्यायचीच नाहीत. तुमचे दुखण्याचे दिवस पाहता झटका येऊच नये म्हणून रोजचं औषधही लागेल. प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट अशी नावं ऐकू येतील. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉल चालत नाही, ते आधीच सांगा. पुढे मूल हवं असेल तर तेही सांगा, कारण टोपिरामेट आणि त्याहून जास्त व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक आहेत. या औषधांचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात. पंधरा दिवसांत काही फरक नाही म्हणून सोडून देणाऱ्या खूप जणी मी पाहिल्या आहेत, तुम्ही तसं करू नका.

आता तुमच्या दिरांकडे येते. ताई, त्यांचं दुखणं तुमच्यासारखं नाही आणि विहिरीचा याच्याशी काही संबंध नाही. तुम्ही अंधारात पडून राहता, त्यांना एका जागी बसवत नाही. रोज ठरल्या वेळी झोपेतून उठवणारं, एकाच डोळ्याभोवती, डोळा लाल होऊन पाणी येणारं, महिनाभर चाललेलं हे दुखणं क्लस्टर डोकेदुखीचं असू शकतं. तिचा झटका १५ मिनिटांपासून तीन तासांपर्यंत टिकतो, एका दिवसात आठ वेळाही येऊ शकतो. त्या बाजूचं नाक चोंदतं किंवा वाहतं, पापणी खाली येते. काही आठवडे किंवा महिने हा त्रास चालतो, मग नाहीसा होतो, आणि पुष्कळांना पुढच्या वर्षी जवळपास त्याच दिवसांत परत येतो. माणसाला होणाऱ्या सगळ्यात भयंकर वेदनांमध्ये तिची गणना होते. त्या अंगणात फिरणाऱ्या माणसाला कुणी "एवढं काय डोकं दुखतं" म्हणू नये, एवढीच माझी घरच्यांना विनंती. कित्येक जण दात काढून घेतात, चष्मे बदलतात आणि निदानाविना वर्षं घालवतात.

त्यांना विचारा, संध्याकाळी काही घेतात का. या काळात थोडीशी हुर्राक किंवा बिअरसुद्धा तासाभरात झटका आणते, एरवी मात्र काहीच होत नाही. त्रास थांबेपर्यंत दारू पूर्ण बंद, आणि विडी-सिगारेट सोडण्यासाठीही त्यांना धरा. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा इथे उपयोग होत नाही, कारण त्या पोटातून चढेपर्यंत झटका संपलेला असतो. मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन, मिनिटाला १२ लिटर किंवा अधिक, १५ मिनिटं दिला की बहुतेकांचा झटका उतरतो. सुमाट्रिप्टानचं इंजेक्शनही चालतं. झटके रोखायला व्हेरापामिल देतात, त्यासाठी ईसीजी काढावा लागतो. पहिल्यांदाच होत असेल तर एमआरआयही करतात. त्यांना गोमेकॉच्या, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या, न्यूरॉलॉजी ओपीडीत दाखवा, आणि एका रात्री झटक्याच्या वेळी त्यांच्या चेहऱ्याचा मोबाइलवर व्हिडिओ घ्या. दिवसा ओपीडीत बसलेल्या माणसाचा डोळा अगदी स्वच्छ असतो. लाल डोळ्यासोबत नजर अंधुक झाली, दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं, उलटी झाली, तर ती काचबिंदूची तातडी असू शकते. मग सकाळची वाट न पाहता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं.

एका बाजूच्या दुखण्याचे आणखी काही प्रकार थोडक्यात सांगते, कारण हे सदर इतरही वाचतात. दात घासताना, तोंड धुताना किंवा वारा लागताच गालात विजेसारखी कळ जाऊन काही क्षणांत थांबत असेल तर ती ट्रायजेमिनल नसेची कळ असते, आणि तिच्यावर वेगळं, चांगलं लागू पडणारं औषध आहे. दिवसातून अनेकदा पाच-दहा मिनिटांचे झटके येत असतील तर इंडोमेथासिन हे औषध देऊन पाहतात. एका विशिष्ट प्रकारात ते पूर्ण थांबवतं. अक्कलदाढ आणि जबड्याचा सांधाही कानशिलात दुखवतात.

पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं, केस विंचरताना डोक्याची कातडी हुळहुळली, चावताना जबडा थकला, तर ही गोष्ट घरी ठेवू नका. कानशिलातल्या रक्तवाहिनीचा दाह असू शकतो आणि उपचार लांबले तर दृष्टी कायमची जाते. सासूबाईंना असं काही कधी झालं तर दिष्ट काढत बसू नका. आणि काही सेकंदांत कळस गाठणारी, आयुष्यात कधी झाली नाही अशी डोकेदुखी, तापाबरोबर आखडलेली मान, वाकडं तोंड, बोबडी वळणं, हातापायातली शक्ती जाणं, फिट येणं, डोक्याला मार लागल्यावर किंवा गरोदरपणात नव्याने सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काहीही दिसलं तर सरळ १०८ ला फोन करा. तुमचा ऑरा हळूहळू पसरतो, चमकतो आणि तासाभरात जातो. पक्षाघात एकदम येतो आणि पाहण्याची, बोलण्याची किंवा हात उचलण्याची ताकद काढून घेतो. शंका आली तर आपण निदान करत बसायचं नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एक वही घाला. त्यात दुखण्याची तारीख, सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, बाजू, पाळीचा दिवस, कुठली शिफ्ट होती, रेघ दिसली का आणि कुठली गोळी घेतली, एवढंच लिहा. पण पाळीच्या गोळीबद्दल विचारायला ही वही भरायची वाट पाहू नका. रक्तदाब मोजून घ्या. डोळ्यांची तपासणी करून घ्या, त्यात डोळ्यामागचा पडदाही पाहायला सांगा.

तुमच्या मुलीचं विचारलंत. अर्धशिशी घराण्यात चालते, त्यामुळे शक्यता आहे, नक्की होईलच असं नाही. मुलांमध्ये तिचं रूप वेगळं असतं, बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी दुखतं आणि लवकर थांबतं. काहींना डोकं न दुखता पोटातच वरचेवर दुखतं, चेहरा पांढरा पडतो, उलटी होते, आणि दुसऱ्या दिवशी मूल अगदी ठणठणीत असतं. चोर्ला घाटातून बेळगावला जाताना तिला गाडी लागत असेल तर तीही एक छोटी खूण असू शकते. सध्या तिला सकाळी काही खाल्ल्याशिवाय शाळेत पाठवू नका आणि रोज वेळेवर झोपवा. डोकं किंवा पोट वारंवार दुखू लागलं तर बालरोगतज्ज्ञांना सांगताना आईला अर्धशिशी आहे हे आवर्जून सांगा. तुमच्या पर्समधली गोळी मात्र तिला अर्धी मोडूनही देऊ नका.